वाचकांचे प्रश्न : आम्लता नियामक, पाकिटातले आणि स्वयंपाकघरातले

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती : पाकिटांवर छापलेले ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ म्हणजे काय, ते घातक आहे का आणि घरी किंवा बचत गटाच्या उद्योगात ते किती वापरायचे. त्यातली निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : झटपट नूडल्सच्या पाकिटावर ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ म्हणून ५०१ आणि ५०० हे आकडे आहेत, आणि आतल्या मसाल्याच्या पुडीसाठी ३३०. मला पित्ताचा त्रास आहे. हे ॲसिडिटी वाढवणारे आहे की कमी करणारे? (एक वाचक, पुणे)

पोटातल्या ॲसिडिटीशी या शब्दाचा संबंध नाही. आपण मराठीत पित्त खवळले की ‘ॲसिडिटी झाली’ म्हणतो, त्यामुळे हा घोटाळा होतो. पाकिटावरचा शब्द त्या पदार्थाच्या आम्लतेबद्दल बोलतो, तुमच्या पोटाच्या नव्हे. पदार्थ हवा तितका आंबट किंवा हवा तितका अल्कलीयुक्त करायला आणि तो साठवणीत तसाच ठेवायला जे घालतात, ते आम्लता नियामक. त्यात आम्ले येतात, खार येतात आणि आम्लता एका जागी धरून ठेवणारी सोडियम सायट्रेटसारखी लवणेही येतात.

तुमच्या पाकिटात तर दोन विरुद्ध टोके शेजारी आहेत. ५०० म्हणजे सोडियमचे आणि ५०१ म्हणजे पोटॅशियमचे कार्बोनेट. हे दोन्ही खार आहेत. मैद्यात ते घातले की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातले चिवट प्रथिन, घट्ट होते, शेवई उकळत्या पाण्यात लगदा होत नाही आणि मैद्यातली मुळात रंगहीन असलेली द्रव्ये पिवळसर होतात. नूडल्सचा पिवळेपणा बराचसा यातून येतो. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपले लिंबूसत्त्व. ते मसाल्याला आंबट चव देते.

जठरातला रस मुळातच लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहून जास्त आम्ल असतो. मसाल्यातल्या चिमूटभर लिंबूसत्त्वाने त्यात मोजण्याजोगा फरक पडत नाही. पित्तावर घेतल्या जाणाऱ्या खळखळणाऱ्या पुडीतही सायट्रिक ॲसिड असतेच. सोड्याशी मिळून ते बुडबुडे काढते आणि उरलेला सोडा पोटातले आम्ल मारतो. नूडल्स खाऊन जळजळ होत असेल तर तिखट, तेल आणि रात्री उशिरा खाणे ही कारणे आधी तपासा. ज्यांना अन्ननलिकेत आम्ल वर येण्याचा त्रास आहे, त्यांना मात्र आंबट पदार्थ, मग तो लिंबाचा असो की पुडीचा, झोंबू शकतो.

प्रश्न : ३३० हा आकडा असलेले पदार्थ खाऊ नका, त्याने कॅन्सर होतो, अशी यादी आमच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते आहे. शिवाय ते लिंबापासून नाही, बुरशीपासून करतात असेही त्यात आहे. खरे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

दुसरी गोष्ट खरी आहे, पहिली साफ खोटी.

आधी बुरशीचे. १७८४ मध्ये स्वीडनमधल्या कार्ल शेले यांनी लिंबाच्या रसातून हे आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ते लिंबापासूनच, मुख्यतः इटलीतून येई. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिले की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या द्रावणात वाढवली तर ती भरपूर सायट्रिक ॲसिड तयार करते. १९१९ पासून अमेरिकेत त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. आज जगात विकले जाणारे जवळपास सगळे लिंबूसत्त्व याच पद्धतीने, मळी किंवा स्टार्चपासून काढलेल्या साखरेवर होते. बुरशी गाळून बाजूला करतात, चुना घालून कॅल्शियम सायट्रेटचा साका बसवतात, मग सल्फ्युरिक ॲसिडने सायट्रिक ॲसिड मोकळे करून स्फटिक काढतात. शेवटच्या दोन पायऱ्या शेले यांच्याच आहेत. लिंबातला रेणू आणि पुडीतला रेणू यांत काहीही फरक नाही.

आता कॅन्सरचे. ही यादी नवी नाही. १९७६ पासून ती फ्रान्समध्ये छापील पत्रकाच्या रूपाने फिरू लागली. त्यावर पॅरिसजवळच्या व्हिल्जुइफ इथल्या प्रसिद्ध कर्करोग रुग्णालयाचा हवाला होता आणि त्या रुग्णालयाने तो वारंवार नाकारला. ३३० सारख्या निरुपद्रवी आकड्यावर हा आळ कसा आला, याचा एक तर्क विचार करण्यासारखा आहे. आपल्या प्रत्येक पेशीत अन्नापासून ऊर्जा काढणारी जी साखळी चालते, तिला सायट्रिक ॲसिड चक्र म्हणतात. हान्स क्रेब्स यांनी ती १९३७ मध्ये मांडली आणि त्यांना १९५३ मध्ये नोबेल मिळाले, म्हणून तिला क्रेब्स चक्रही म्हणतात. जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा, आणि कॅन्सरही. आपल्या ‘कर्करोग’ शब्दातला कर्क तोच. ‘क्रेब्स’ आणि ‘सायट्रिक ॲसिड’ एका ओळीत वाचून कोणीतरी भलताच अर्थ काढला असावा, असे मानले जाते. ज्या द्रव्यावर तुमच्या पेशी अहोरात्र चालतात, त्याला घाबरू नका. दातांची काळजी मात्र घ्या. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी, तितके आम्ल तेज), साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांचे कवच विरघळू लागते, म्हणून आंबट पेय घोट घोट तासभर पीत बसू नये आणि ते प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये. साध्या पाण्याने चूळ भरावी.

प्रश्न : वडिलांना मूत्रपिंडाचा विकार आहे. डॉक्टरांनी फॉस्फरस आणि पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे. पाकिटावर नेमके कोणते आकडे पाहायचे? (एक वाचक, नाशिक)

फॉस्फरससाठी ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२. यांतले ३३८ म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड, ते कोला पेयांत असते. बाकीची फॉस्फेटे चीजचे काप आणि क्यूब, गोठवलेले मांसाचे तयार पदार्थ, काही केक-बिस्किटे आणि बेकिंग पावडर यांत सापडतात. पोटॅशियमसाठी ३३२, ३४० आणि ५०१ पाहा. ‘कमी सोडियमचे मीठ’ घेत असाल तर ते थांबवून आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात ५०८, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड असते.

डाळीतले बरेचसे फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेले असते आणि ते पुरते शोषले जात नाही. पाकिटातल्या फॉस्फेटचे तसे नाही, ते पाण्यात सहज विरघळते आणि त्याचा मोठा भाग थेट रक्तात जातो. म्हणून डाळ तोडण्याआधी कोला आणि चीजचे काप तोडावेत. किती आणि काय, हे वडिलांच्या रक्ततपासणीवरून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील.

प्रश्न : आमचा बचत गट हापूसचा स्क्वॅश करतो. १ किलो रस, २ किलो साखर, १ लिटर पाणी, १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पाक गरम असतानाच अर्धा चमचा केएमएस घालतो. तरी यंदा दीड महिन्यात कित्येक बाटल्या फसफसल्या, दोन फुटल्या. केएमएस वाढवावे का? (बचत गट, रत्नागिरी जिल्हा)

वाढवू नका. चूक केएमएसच्या मापात कमी आणि आम्लात जास्त आहे. थोडी ती केएमएस घालण्याच्या वेळेतही आहे.

आंबटपणा दोन प्रकारे मोजतात. एकूण आम्ल किती टक्के आहे, हे एक माप. जिभेला साधारण हेच कळते, पण साखर ते झाकून टाकते. दुसरे माप पीएच. ते जिभेला कळत नाही, पण स्क्वॅश फसफसवणाऱ्या यीस्टला आणि संरक्षक द्रव्याला नेमके तेच कळते. केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, पाण्यात सल्फर डायऑक्साइड देते. त्यातला जो भाग मोकळ्या रेणूच्या रूपात असतो, तोच यीस्टला मारतो. पीएच ३ असेल तर हा भाग सुमारे ६ टक्के असतो, पीएच ४ असेल तर जेमतेम ०.६ टक्का. म्हणजे तेवढेच केएमएस घालून तुमच्या बाटलीत त्याची ताकद दहापट कमी झालेली असू शकते.

तुमचा हिशेब मांडू. पिकलेल्या हापूसच्या किलोभर रसात ३-४ ग्रॅम आम्ल असते. वरून १० ग्रॅम. एकूण १४ ग्रॅम, ४ किलो स्क्वॅशमध्ये. म्हणजे ०.३५ टक्के. स्क्वॅशला १ ते १.२ टक्के लागते. आंबा जितका गोड आणि पिकलेला, तितके लिंबूसत्त्व जास्त, हे उलट वाटले तरी तसेच आहे. पेल्यात तीनपट पाणी घातल्यावर ही आम्लता ०.३ टक्क्यावर येते आणि चव बरोबर लागते. बाटलीतला स्क्वॅश तसाच चाखून ‘फार आंबट झाला’ म्हणणे हीच बहुतेक गटांची चूक असते. नेहमी पातळ करून चाखा.

४ किलो स्क्वॅशसाठी माप असे घ्या : गाळलेला रस १ किलो, साखर १ किलो ६२० ग्रॅम, लिंबूसत्त्व ४० ग्रॅम, पाणी १ किलो ३४० ग्रॅम. यात रस २५ टक्के बसतो, जो स्क्वॅशसाठी नियमाने किमान लागतो, आणि ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेची टक्केवारी, ४५ च्या आसपास येतो. साखर, पाणी आणि लिंबूसत्त्व एकत्र उकळी येईपर्यंत तापवा, मलमलीतून गाळा. पाक तोला. तो नेमका ३ किलो भरला पाहिजे, उकळताना उडालेले पाणी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून काढा. पाक पूर्ण थंड झाल्यावरच रस मिसळा. पातेले स्टीलचे हवे. कल्हई नसलेले पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम या आम्लात चालत नाही.

केएमएस सगळ्यात शेवटी. गरम पाकात घातले की त्यातला वायू खोलीत जातो. तुम्हाला त्या वेळी नाकात झणझणीत वास आला असेल, तो म्हणजे तुमचे संरक्षण उडून गेले त्याचा वास. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ३५० मिलिग्रॅम आहे. केएमएसमध्ये वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड निघते, म्हणून ४ किलोला २.४ ग्रॅम केएमएस पुरे. पाव कप पाण्यात विरघळवून, ढवळत ओता. अर्धा चमचा हे माप नव्हे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. दमा असलेल्या काही जणांना सल्फाइटने झटका येऊ शकतो, म्हणून जास्त घालणे हे नुसते नियमबाह्य नाही, धोक्याचेही आहे. लेबलवर सल्फाइटचा उल्लेख हवाच.

गेल्या वर्षीचे उघडे राहिलेले केएमएस वापरू नका. दमट हवेत ते सल्फेट होऊन निकामी होते आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे फार लवकर घडते. डबा उघडल्यावर झणझणीत वास येत नसेल तर ते फेकायचे.

तपासणीसाठी : १० ग्रॅम स्क्वॅश शंभरेक मिलिलिटर पाण्यात पातळ करा, म्हणजे पिवळ्या रंगात गुलाबी छटा ओळखता येते. फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपले की गुलाबी होणारे द्रव्य) दोन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचे थेंब फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या, तोटीच्या काचनळीने) सोडा. जितके मिलिलिटर लागले, त्याला ०.०६४ ने गुणा, ही सायट्रिक ॲसिडची टक्केवारी. तुमच्या स्क्वॅशला साधारण १७ मिलिलिटर लागले पाहिजेत. पीएच मीटर घेतलात तर ४ आणि ७ च्या बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी, दर वेळी जुळवून घ्या आणि स्क्वॅश ३.५ च्या खाली आहे याची खात्री करूनच बाटल्या भरा.

त्याच पत्रात कोकम सरबताचा रंग केएमएसने उडतो असेही लिहिले आहे. उडणारच. कोकम, जांभूळ, डाळिंब यांचे लाल-जांभळे रंग सल्फर डायऑक्साइडने फिके होतात. तिथे सोडियम बेन्झोएट वापरा, किलोला ०.७ ग्रॅम. तेही आम्लातच काम करते : पीएच ३.५ ला त्याचा सुमारे ८३ टक्के भाग कामाचा असतो, ४.५ ला फक्त ३३ टक्के. कोकम स्वतःच पुरेसे आंबट असल्याने इथे अडचण येत नाही. बेन्झोएट आणि लिंबूसत्त्व मात्र एकाच वाटीत विरघळवू नका, पांढरा साका बसतो आणि तो मग स्क्वॅशमध्ये विरघळत नाही. वेगळ्या पाण्यात, पातळ करून, ढवळत घाला.

प्रश्न : टोमॅटो स्वस्त झाले की आम्ही प्युरी करून काचेच्या बरण्यांत भरतो. फार आंबट होऊ नये म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालतो. पंधरा दिवसांत काही झाकणे फुगली. वरचा भाग काढून बाकीची वापरता येईल का? (एक वाचक, नारायणगाव)

नाही. फुगलेल्या बरण्या चाखूनही पाहू नका, टाकून द्या. आणि सोडा आजपासून बंद.

बोट्युलिझम हा जीवघेणा विकार ज्या जिवाणूमुळे होतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना प्रेशरखाली १२१ अंश तापमान लागते. घरी आपण वाचतो ते एकाच कारणाने : पीएच ४.६ च्या खाली हे बीजाणू रुजत नाहीत. टोमॅटो नेमका या रेषेवर उभा आहे. जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे त्याचा पीएच ४.३ ते ४.९ असा हलतो. जास्त पिकलेला, मऊ पडलेला टोमॅटो रेषेच्या वर जातो आणि आपण प्युरीला नेमका तोच घेतो. तुमचा सोडा त्याला आणखी वर ढकलतो. लिटरभर प्युरीत घातलेले २ ग्रॅम लिंबूसत्त्व मारायला २.४ ग्रॅम सोडा, म्हणजे अर्धा सपाट चमचा, पुरतो.

लिटरच्या प्रत्येक बरणीत अर्धा सपाट चमचा, म्हणजे २ ते २.५ ग्रॅम लिंबूसत्त्व घाला. पातेल्यात एकदम नव्हे, बरणीत, म्हणजे एकही बरणी वगळली जात नाही. ठेचलेले टोमॅटो उकळते असतानाच भरा, वर दीड सेंटिमीटर जागा सोडा, झाकण लावून बरणी पूर्ण बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात ४५ मिनिटे ठेवा. हे समुद्रकाठचे माप आहे. घाटावर पाणी कमी तापमानाला उकळते, तुमच्याकडे ५० मिनिटे द्या. त्यात कांदा, लसूण, मिरची घालू नका, त्यांनी पीएच चढतो. आंबटपणा नको असेल तर भाजी करताना साखर घाला. साखरेने चव बदलते, पीएच नाही.

प्रश्न : आलं-लसूण पेस्ट टिकावी म्हणून व्हिनेगर घातले तर ती हिरवी-निळी झाली. खराब झाली का? (एक वाचक, ठाणे)

नाही. लसूण चिरडल्यावर सुटणारी गंधकयुक्त द्रव्ये आम्लात अमिनो ॲसिडांशी मिळून हिरवे-निळे रंग बनवतात. शीतगृहात राहिलेल्या लसणीत हे जास्त होते. खायला हरकत नाही. रंग नको असेल तर पाकळ्या वाटण्याआधी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाका, मात्र झणका कमी होईल. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणे मात्र टाळा. तेलाखाली हवा नसते आणि लसणीत आम्ल नसते, म्हणजे वर सांगितलेल्या बीजाणूंना हवे तेच मिळते. फ्रीजरमध्ये छोट्या वड्या करून ठेवणे उत्तम.

प्रश्न : खमणवर लाल ठिपके का पडतात? पाव किलो बेसनाला १ चमचा लिंबूसत्त्व आणि २ चमचे सोडा घालते. (एक वाचक, डोंबिवली)

ठिपके हळदीचे आहेत. सोडा जिथे न मारता उरतो तिथे हळद लाल होते. ५ ग्रॅम खडीदार लिंबूसत्त्वाला ६ ग्रॅम सोडा पुरेपूर होतो आणि तुम्ही १० ग्रॅम घालता. उरलेल्या ४ ग्रॅममुळे लाली आणि साबणासारखी चव येते. दोन्ही ५-५ ग्रॅम घ्या. थोडे आम्ल उरेल, खमणला तेच हवे. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून पिठात आधी घाला. सोडा चाळून सगळ्यात शेवटी, भरभर एका दिशेने फेटा आणि आधीच वाफ आलेल्या पात्रात लगेच ठेवा. सोड्याची गुठळी राहिली तर माप बरोबर असूनही तिथे ठिपका पडतो.

प्रश्न : उडदाचे पापड यंदा भाजले की लाल होतात, चवही कडवट. पीठ जुने होते का? (एक वाचक, लातूर)

पिठाचा दोष नसावा, पापडखार जास्त झाला आहे. पापडखार म्हणजे मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. त्याने पीठ लवचिक होते, पापड पातळ लाटता येतो आणि भाजताना फुलतो. पण अल्कलीत पिठातली साखर आणि प्रथिने फार झपाट्याने लाल होतात. किलोभर पिठाला ३० ते ५० ग्रॅम घेतात. नव्या दुकानातला खार असेल तर ३० पासून सुरू करा, कारण त्यात कार्बोनेटचे प्रमाण ठरलेले नसते आणि कार्बोनेट बायकार्बोनेटपेक्षा बरेच तेज असते. खार पाण्यात उकळला की बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, म्हणून न उकळता घालायच्या मापानेच उकळून घातला तर तो जड पडतो. उकळून गार करा, गाळ खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी घ्या. चार पापडांपुरते पीठ आधी मळून, लाटून, वाळवून भाजून पाहा आणि मगच उरलेल्या पिठाला हात घाला. धुण्याचा सोडा रसायन म्हणून तोच असला, तरी तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. तो पापडात कधीही घालू नका.